संगणकाची हट्टी तक्रार

घरातील वडीलधारे माणूस रोज सकाळी छातीत दुखते असे सांगू लागले, तर आपण त्याला डॉक्टरांकडे नेतो. संगणकाने मात्र रोज तीच तक्रार केली, तर त्याचे तोंड कसे बंद करता येईल हे पाहतो. हा अपराध आमच्या हातून घडला आहे, आणि त्याची किंमतही आम्हांस मोजावी लागली आहे. वाचकांपैकी कोणाची तरी ती वाचावी, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

१९५६ च्या प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बेला-जैनथ भागातील मराठी माणसे इकडेच राहिली. त्यांची मराठी पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. ती राहिली आहे वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांच्या कार्याविषयी वाचून आम्हांसही उमेद आली. सुट्ट्यांच्या दिवसांत गावोगाव हिंडून आम्ही ओव्या ध्वनिमुद्रित करू लागलो आणि घरच्या संगणकात साठवू लागलो. त्यांची दुसरी प्रत आम्ही काढली नव्हती, हे येथेच कबूल केलेले बरे.

२०१५ च्या उन्हाळ्यात वीज वारंवार जाऊ लागली. संगणक चालू असतानाच काळोख व्हायचा. एके सकाळी पडद्यावर सूचना आली, की 'सी' या डिस्कची तपासणी करणे आवश्यक आहे; नको असल्यास काही सेकंदांत कोणतेही बटण दाबावे. शाळेची घाई, आम्ही बटण दाबले. दुसऱ्या दिवशी तीच सूचना, तिसऱ्या दिवशीही तीच. अखेर दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणास बोलाविले. तो म्हणाला, "सर, हा मेसेज येणारच नाही असं करून देऊ का? रोजची कटकट जाईल." आम्ही होकार दिला. दोष त्याचा नव्हे. विचारले आम्हांस होते. पुढे पाच महिने संगणक निमूटपणे सुरू होत राहिला आणि आम्ही समजलो, की दुखणे गेले.

ही सूचना म्हणजे काय, हे आम्हांस नंतर उमगले. डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. तीत विसंगती आढळली, किंवा काही बदल अर्धवट राहून यंत्र बंद पडले, की विंडोज त्या डिस्कवर एक खूण करून ठेवते. तिला 'डर्टी बिट' म्हणतात. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ती खूण दिसली, की 'चेकडिस्क' ही तपासणी आपोआप सुरू होऊ पाहते. तपासणी यशस्वीपणे पुरी झाली म्हणजे खूण निघते. हाताने ती लावण्याची आज्ञा विंडोजमध्ये आहे, काढण्याची नाही. त्या तरुणाने केले ते इतकेच, की सुरू होताना डिस्क तपासू नये असे संगणकास सांगून ठेवले. खूण होती तेथेच होती. हजेरीपटावर मूल रोज गैरहजर दिसते म्हणून हजेरीच घेऊ नये, तसा हा प्रकार.

दिवाळीनंतर जैनथकडील एक तरुण घरी आला. त्याच्या आजीने आम्हांस पुष्कळ ओव्या सांगितल्या होत्या. ती नुकतीच निवर्तली होती. दारातच तो म्हणाला, "गुरुजी, आजीचा आवाज तुमच्याकडं आहे म्हणतात. आईला ऐकवायचा होता." आम्ही मोठ्या उत्साहाने संगणक लावला. त्या आजीच्या नावाची फाइल काही केल्या सापडेना. शेजारच्या दोन फाइली दिसत होत्या, पण उघडत नव्हत्या. पोराने पाणीही न घेता निरोप घेतला. सौ. एवढेच म्हणाली, "अहो, तो रोज सांगत होता ना तुम्हांला?"

हैदराबादेस नोकरी करणारा आमचा पुतण्या त्या आठवड्यातच आला. आम्ही लगेच तपासणी लावा म्हणालो. तो म्हणाला, "काका, आधी प्रत. डिस्क मरणाला टेकली असेल, तर तपासणीच्या ताणानंच जाईल." त्याने वाचता येईल ते सारे दुसऱ्या डिस्कवर उतरविले. मग यंत्राची नोंदवही पाहिली. तीत 'डिस्क'च्या नावे बिघडलेल्या जागांच्या नोंदी महिनोन् महिने साचल्या होत्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी माहिती ठेवते, तिच्यातही निकामी जागांचा आकडा वाढलेला होता. म्हणजे वीज हे एकच कारण नव्हते. डिस्कच झिजत होती. जोडणीची तारही त्याने बदलून पाहिली, कारण सैल तारेनेही अशी खूण वारंवार उमटू शकते. सर्वांत शेवटी त्याने चेकडिस्क चालविले, तेही खराब जागा शोधण्याच्या आज्ञेसह. त्याला जवळजवळ सारी रात्र लागली.

सकाळी डिस्कवर 'फाउंड' नावाची एक नवी घडी दिसली. अनुक्रमणिकेतून सुटलेल्या फाइली चेकडिस्क अशा ठिकाणी बिननावाच्या ठेवते. पुतण्याने त्यांची नावे बदलून एकेक लावून पाहिली. चौथ्या फाइलीत जात्याची घरघर ऐकू आली आणि मागोमाग आजीचा आवाज. पहिली ओवी पूर्ण होती. दुसरी अर्ध्यावर तुटली. पुढे नुसती शांतता. वीस मिनिटांपैकी दीड मिनिट हाती लागले. तेवढे घेऊन आम्ही स्वतः जैनथला गेलो. त्या मुलाच्या आईने ते दोनदा ऐकले. तिसऱ्या वेळी तुटलेली ओवी तिनेच पुरी केली. आम्ही ती तेथेच उतरवून घेतली.

असो. ज्यांच्या संगणकावर अशी सूचना वारंवार येते, त्यांना आमचे सांगणे एवढेच : ती दडपू नका. प्रथम प्रत काढा, मग तपासणी करा. तपासणीनंतरही खूण पुन्हा उमटली, तर डिस्क, तार आणि वीज यांपैकी दोष कोठे आहे तो शोधा. डिस्क झिजली असेल तर नवी घ्या. डिस्क बाजारात मिळते.

आमच्या ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत : एक घरी, एक शाळेच्या कपाटात, एक हैदराबादेस पुतण्याकडे. जैनथच्या त्या माउलीकडे पुढच्या सुट्टीत पुन्हा जावयाचे आहे. सासूच्या आणखी काही ओव्या आठवतात, असा तिचा निरोप आला आहे.