जुना दमा, सीओपीडी आणि ऑपरेशन
सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. त्याच्या रुग्णाला ऑपरेशन म्हटलं की धास्ती असते भुलीची. खरा धोका बहुधा ऑपरेशननंतरच्या आठवड्यातला. पोटाच्या वरच्या भागात टाके असले की दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. म्हणून तयारी आधीच हवी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 441 रुग्णांच्या चाचणीत (2018) ऑपरेशनपूर्वी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास श्वासाचे व्यायाम शिकवले, तेवढ्याने फुफ्फुसांचे त्रास निम्म्यावर आले. ते सगळे सीओपीडीचे नव्हते, कबूल. पण ज्यांचा श्वास मुळातच तोकडा, त्यांना याची गरज जास्तच. ‘आता विडी सोडून काय होणार?’ हेही पटत नाही; चार आठवडे आधी सोडली तरी फायदा दिसतो. तातडीचं ऑपरेशन अर्थातच थांबत नाही. इतरांनी भूलतज्ज्ञाला आधीच भेटावं आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ऑपरेशनच्या सकाळीही इनहेलर चुकवू नये.