अंगच्या उबेची वीज

मनगटाच्या उबेवर घड्याळ चालते म्हटले तर हसू येईल. पण जपानच्या सेइको कंपनीने १९९८ साली तसे घड्याळ बाजारात आणले. दोन भिन्न धातूंच्या जोडणीतील एक सांधा तापवला की चुंबकसुई हलते, हे जर्मन शास्त्रज्ञ झेबेकने १८२१ मध्ये पाहिले. त्यामागे वीज आहे, हे मात्र त्याला पटले नाही! या कामाचे नेहमीचे द्रव्य बिस्मथ टेल्युराइड. ते ठिसूळ, आणि मनगट पडले गोल. मध्ये हवा राहिली की ऊब पोचत नाही. २०१८ साली शांघायच्या संशोधकांनी न मोडता वाकणारे चांदीचे सल्फाइड दाखवले. पैंजणांवर चढणारा काळा थर तो हाच! त्यात सेलेनियम मिसळले की वीजही बरी मिळते. अर्थात, हवा त्वचेइतकी तापली की सांध्यांतील फरक संपतो आणि वीज थांबते.