एमआरपी नसलेल्या देशातला सेल

दिवाळी जवळ आली की सँडरिंगहॅम रोडवरच्या मिठाईच्या आणि किराण्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. चकलीची भाजणी, पोहे, अनारशाचं पीठ शोधत ऑकलंडभरची आपली माणसं इथे येतात. फराळाचे डबे रिकामे होतात न होतात, तोच नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार येतो. ब्लॅक फ्रायडे हा अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा सेल. न्यूझीलंडमध्ये थँक्सगिव्हिंग नाही, सेल मात्र आला आणि रुळला. पाठोपाठ नाताळ, मग २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे. सँडरिंगहॅममधून सेंट ल्यूक्सचा मॉल पायी जाण्याइतका जवळ आहे. कोथिंबिरीची जुडी पिशवीत असतानाच आपण मेकअपच्या काउंटरपाशी कसे पोहोचतो, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी ड्रॉवर पलंगावर उपडा केला. लिपस्टिक १९ निघाल्या. त्यांतल्या ७ एकाच तपकिरी-गुलाबी रंगाच्या, उजेडात धरल्या तरी फरक कळेना. रोज हात जात होता तो तिघींकडे. बाकीच्या बहुतेक सेलमध्ये घेतलेल्या होत्या आणि घेताना प्रत्येक वेळी ‘वाचवले’ असंच मी घरी सांगितलं होतं. या ‘वाचवले’मागे कोणकोणते समज असतात, ते एकेक तपासून पाहिले. त्यातले काही इथे मांडते.

‘पन्नास टक्के सूट, म्हणजे अर्ध्या किमतीत मिळालं’

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि आपल्याकडून आलेल्यांना तो जास्त चिकटतो. त्याचं कारण एमआरपी. भारतात वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याहून जास्त घेता येत नाही. बिस्किटाचा पुडा असो की काजळाची डबी, उलटी करून आकडा बघायचा ही आपली लहानपणापासूनची सवय. म्हणून ‘आधीची किंमत’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की मन त्याला छापील एमआरपीचं वजन देतं.

न्यूझीलंडमध्ये एमआरपी नाही. इथे असते ती उत्पादकाने सुचवलेली किरकोळ किंमत, आणि ती केवळ सूचना असते. दुकानदार त्याहून कमी लावू शकतो, जास्तही लावू शकतो. एखादा ब्रँड वर्षातले कितीतरी आठवडे कुठल्या ना कुठल्या निमित्ताने कमी किमतीत मिळत असेल, तर त्याची खरी किंमत ती कमी किंमतच. खोडलेला आकडा नुसता लाल रेघ मारण्यापुरता उरतो.

दुकानांनी काहीही लिहावं असं मात्र नाही. १९८६ चा फेअर ट्रेडिंग अ‍ॅक्ट किमतीबाबत दिशाभूल करायला मनाई करतो आणि त्याची अंमलबजावणी कॉमर्स कमिशन करतं. सायकली विकणाऱ्या बाइक बार्न या दुकानसाखळीला २०१७ साली ८ लाख डॉलरचा दंड झाला, तो याच कायद्याखाली. ज्या मूळ किमतीवरून मोठी सूट दाखवली जात होती, त्या किमतीला त्या सायकली क्वचितच विकल्या गेल्या होत्या किंवा कधीच नाही. प्रकरण सायकलींचं असलं तरी नियम लिपस्टिकलाही तोच. फक्त कायदा नंतर पोहोचतो, आपलं कार्ड त्याआधीच टॅप झालेलं असतं.

खोडलेला आकडा खोटा आहे हे ठाऊक असलं तरी तो काम करतोच, ही यातली खरी मेख. १९७४ साली एमोस ट्वर्स्की आणि डॅनिअल कानेमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता. तरी पहिला दिसलेला आकडा मनात खुंटीसारखा रोवला गेला आणि अंदाज तिच्याभोवती फिरत राहिला. ‘९० डॉलर’ खोडून ‘४५’ लिहिलेलं असतं, तेव्हा आपली खुंटी ९० ला असते. म्हणून मी आता उलटं करते. टॅग बघायच्या आधी वस्तू हातात घेऊन स्वतःशी म्हणते, ‘हिचे मी किती देईन?’ माझा आकडा आधी, त्यांचा नंतर. ऑनलाइन बघत असले तर प्राइसस्पायसारख्या तुलना करणाऱ्या साइटवर वस्तूच्या आधीच्या किमतींचा आलेख मिळतो का ते पाहते.

‘त्याच्यासोबत गिफ्ट फुकट आहे ना’

खरेदीवर भेट देण्याची ही रीत रुजवली एस्टी लॉडर यांनी, विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेतल्या डिपार्टमेंट स्टोअरांत. नमुना हातात द्या, बाई परत येईल, हा त्यांचा विश्वास खरा ठरला आणि पुढे सगळ्यांनी तो उचलला.

फुकट या शब्दाची ताकद मोजलेलीही आहे. शाम्पानियर, मझार आणि एरिअली यांचा २००७ चा प्रयोग चॉकलेटचा आहे. उंची ट्रफल १५ सेंटला आणि साधं चॉकलेट १ सेंटला ठेवलं, तेव्हा घेणाऱ्यांतल्या ७३ टक्क्यांनी ट्रफल उचललं. मग दोन्ही एकेका सेंटने स्वस्त केली, म्हणजे ट्रफल १४ सेंट आणि साधं चॉकलेट फुकट. फरक तेवढाच राहिला, पण आता ६९ टक्के फुकटच्या चॉकलेटकडे वळले. मेकअपच्या काउंटरवर हेच घडतं. ४८ डॉलरचं सामान घेतलेलं असतं, भेटवस्तू ८० वर असते, आणि वरच्या ३२ डॉलरची खरेदी आपण भेटीसाठी करतो. त्या झिपच्या पाऊचमध्ये जे छोटे नमुने निघतात, ते आपल्या रंगाचे क्वचितच असतात. घरातल्या अशा पाऊचमध्ये सध्या सेफ्टी पिना आणि केसांची रबरं आहेत.

‘मेकअप काय, पडून राहिला तरी खराब थोडाच होतो’

होतो. डबीच्या तळाशी किंवा खोक्याच्या मागे झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यावर ६एम, १२एम, २४एम असं लिहिलेलं असतं. एम म्हणजे महिने, आणि ते मोजायचे उघडल्या दिवसापासून. मस्कारा बहुधा तीन ते सहा महिन्यांचा. कारण उघड आहे: ब्रश पापणीला लागतो, तोच ओलाव्यात परत जातो, नळी अंधारी आणि कोंदट. त्यात जंतू वाढले तर जातात थेट डोळ्यांत. पातळ फाउंडेशन साधारण सहा ते बारा महिने, पावडर त्याहून बरीच जास्त टिकते. लिपस्टिक वर्ष-दोन वर्षं, मग तिच्यातल्या तेलांना खवट वास येऊ लागतो.

तो वास शब्दांत सांगायचा तर जुन्या शेंगदाण्यांचा. माझ्या १९ मधल्या चार कांड्यांना तो येत होता. एकीवर घामासारखे तेलाचे थेंब जमले होते, ती बहुतेक जानेवारीत गाडीत राहिलेली. दोन मस्कारे वाळून कोळशासारखे झाले होते, त्यातला एक ‘दोनावर एक फुकट’मधला तिसरा. इथलं गणित सोपं आहे. तीन सारख्या किमतीचे मस्कारे दोनांच्या पैशांत घेतले तर सूट ३३ टक्के दिसते. पण मस्कारा सहा महिने टिकणार आणि एकाला संपायला पाच महिने लागणार. तिन्ही एकदम उघडले तर दोन फेकायचे, म्हणजे एकाला दुप्पट पैसे मोजले. न उघडता ठेवले तर निदान टिकतात, पण सेलमधून आणलेलं न उघडता ठेवणारी बाई माझ्या बघण्यात नाही.

तेव्हापासून घरात एक पक्क्या शाईचा पेन मेकअपच्या ड्रॉवरमध्येच असतो. झाकण उघडलं की तळाशी तारीख. लोणच्याच्या बरणीवर आई चिकटपट्टी लावून महिना लिहायची, तेच.

‘फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे, म्हणजे सनस्क्रीनचे पैसे वाचले’

या देशात हा समज महागात पडू शकतो. मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया आहेत. सावळ्या कातडीला धोका कमी, पण शून्य नाही, आणि वांग तर उन्हाने हमखास गडद होतात. एसपीएफचा आकडा तपासताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावतात. तेवढं फाउंडेशन चेहऱ्याला कुणीच लावत नाही, थापल्यासारखं दिसेल. सनस्क्रीनच्या बाबतीत इथे सप्टेंबर २०२२ पासून कायदा आहे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं २६०४ क्रमांकाचं मानक पाळणं सक्तीचं झालं आहे. त्याआधी ते ऐच्छिक होतं. एकच वस्तू घ्यायची असेल तर मी सनस्क्रीन घेईन.

‘आवडलं नाही तर परत करू’ आणि ‘हप्ते तर बिनव्याजी आहेत’

सदोष माल निघाला तर १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट आपल्या पाठीशी आहे, आणि सेलमध्ये घेतलं म्हणून तो हक्क कमी होत नाही. ‘सेलचा माल परत घेत नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. पण मन बदललं, रंग शोभला नाही, यासाठी पैसे परत देण्याची सक्ती कायद्यात नाही. ते दुकानाच्या धोरणावर असतं आणि उघडलेला मेकअप स्वच्छतेच्या कारणाने बहुतेक जण घेत नाहीत.

हप्त्यांचं म्हणाल तर ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ हा प्रकार २ सप्टेंबर २०२४ पासून इथल्या ग्राहककर्ज कायद्याखाली आला. म्हणजे आधी तो औपचारिकपणे कर्ज धरलाच जात नव्हता. व्याज नसलं तरी उशीर झाला की शुल्क लागतं. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच: १२० डॉलरचं सामान ‘३० चे चार’ असं लिहिलं की खुंटी ३० ला रोवली जाते. त्यापेक्षा जुनी लेबाय पद्धत शहाणी. वस्तू दुकानात राहते, आपण थोडे थोडे भरतो, आणि ताब्यात घेण्याआधी कधीही रद्द करता येते, फार तर रद्द करण्याचा वाजवी खर्च कापून. त्या मधल्या दिवसांत बऱ्याच वस्तूंची ओढ आपोआप ओसरते.

‘माझंच मन घट्ट नाही’

हे वाक्य मी मैत्रिणींच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकते आणि ऐकून वाईट वाटतं. उलटे धावणारे सेकंद, ‘शेवटचे दोन शिल्लक’, साठवलेलं कार्ड, मध्यरात्री येणारा ईमेल, यामागे पगारी माणसं दिवसभर बसून काम करतात. त्यांच्यासमोर थकलेल्या रात्री एकटीने उभं राहायचं, हा सामना सारखा नाही. म्हणून मन घट्ट करण्यापेक्षा वाट लांब करावी. कार्डाचे आकडे ब्राउझरमधून काढून टाकले की उठून पर्स आणावी लागते. जाहिरातीच्या प्रत्येक ईमेलमध्ये यादीतून नाव काढण्याची सोय देणं न्यूझीलंडमध्ये २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांतली ओळ शोधून मी एका दुपारी बसून सगळी नावं काढली.

एक भीती मात्र खास आपली आहे, आणि तिला मी कमी लेखत नाही. आपल्या वर्णाला जुळणारी छटा परदेशातल्या काउंटरवर वर्षानुवर्षं मिळत नव्हती. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने एकदम ४० छटांचं फाउंडेशन आणलं, तेव्हा ती बातमी झाली, यातच सगळं आलं. त्यामुळे जरा जुळणारं काही सेलमध्ये दिसलं की वाटतं, पुन्हा मिळेल न मिळेल, घेऊन ठेवू. पण सेलच्या टोपलीत उरतात त्या बहुतेक नको असलेल्या छटा: एक फार गुलाबी, एक राखाडी. ‘चालून जाईल’ म्हणून घेतलेली छटा कधीच चालत नाही. मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून, दुकानाच्या दिव्यातून बाहेर उजेडात येऊन पाहावं.

माझ्या तीन रोजच्या लिपस्टिकपैकी एक या मार्चमध्ये संपली. शेवटचे पंधरा दिवस तळातली ब्रशने काढून लावली. मग एका मंगळवारी, कुठलाही सेल नसताना, कोथिंबीर आणि मेथी घेऊन झाल्यावर सेंट ल्यूक्सला गेले आणि तोच नंबर सांगून तीच छटा पूर्ण किमतीत आणली. दुकानातून बाहेर पडायला चार मिनिटं लागली.