पटसंख्येचे अर्थशास्त्र

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की यशवंत स्टेडियमच्या परिसरात मोर्चांची गर्दी होते, आणि तीत शिक्षकांचा मोर्चा नाही असे वर्ष विरळाच. मोर्चा अडविला जातो, निवेदन स्वीकारले जाते, आणि दुसऱ्या दिवशी नागरिकांच्या ध्यानात राहते ते एवढेच की वाहतूक कोणत्या रस्त्याने वळविली होती. घोषणा ऐकू येतात त्या वेतनाच्या व निवृत्तिवेतनाच्या. त्यामुळे ‘या मंडळींना पगाराखेरीज दुसरे काही सुचते काय?’ असा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. वस्तुतः मोर्चा संपवून नंदनवनसारख्या वस्तीतील महापालिकेच्या शाळेत परतणाऱ्या शिक्षिकेचे खरे गाऱ्हाणे घोषणेत बसणारे नसते. ते मोजणीचे गाऱ्हाणे असते.

कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यावयाचे हे ‘संच मान्यते’ने ठरते, आणि संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून. हा पट म्हणजे वर्गात बसलेली मुले, असे भोळ्या माणसास वाटेल. परंतु २०२२-२३ पासून ज्याचे आधारकार्ड संगणकाशी जुळते तेच मूल मोजणीस पात्र ठरू लागले. नंदनवनात एकीकडे सुधार प्रन्यासच्या आखीव भूखंडांवरील घरे आहेत, तर दुसरीकडे गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची वस्ती. परप्रांतांतून कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांच्या नावाचे स्पेलिंग कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. कित्येकांच्या जन्मतारखेचाच पत्ता नसतो. असे मूल रोज शाळेत येते, पोषण आहाराच्या पंगतीला बसते, उजळणी म्हणते. शिक्षिका त्याला शिकविते. शासन त्याला मोजत नाही.

या मोजणीला महत्त्व आले ते २०२४ च्या दोन निर्णयांमुळे, आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. शिक्षण हक्काच्या कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी असतात व त्यांची प्रतिपूर्ती शासन करते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर हे बंधन नको, असे ठरले. जवळच सार्वजनिक शाळा असताना सरकारी पैशाने मूल खाजगी शाळेत कशाला धाडावयाचे, हा त्यामागील युक्तिवाद. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै रोजी तो बदल रद्द ठरविला, हा भाग वेगळा. तथापि बरोबर पाच आठवड्यांनी, १५ मार्च २०२४ रोजी, संच मान्यतेचे नवे निकष निघाले. सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल तर तेथे नियमित शिक्षकाचे एकही पद मंजूर होऊ नये, असा त्यांतील हिशेब. याच वर्गांना भाषा, गणित-विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, असे २००९ च्या केंद्रीय कायद्याचे परिशिष्ट म्हणते. म्हणजे फेब्रुवारीत ज्या शाळेचा हवाला देऊन गरिबाला खाजगी शाळेचे दार बंद केले, त्याच शाळेतील शिक्षक मार्चमध्ये काढून घेण्याची तजवीज झाली.

शासनाचे गणित मात्र तर्कशून्य नाही, हे मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना मांडताना शासनाने आकडे दिले ते असे: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांतील मुले १,८५,४६७ व शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुले. कोणत्याही वित्त सचिवाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असाच हा आकडा आहे. तेव्हा पानशेत व तोरणमाळ यांच्या धर्तीवर लहान शाळा एकत्र कराव्यात, मुलांना वाहनाने आणावे, म्हणजे खर्च वाचेल.

परंतु खर्च वाचणे आणि खर्च दुसऱ्याच्या खिशात सरकणे या अर्थशास्त्रात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नंदनवनातील आई सकाळी सातलाच कामावर निघते. गल्लीतली शाळा उठून जगनाडे चौकापलीकडे गेली तर सहा वर्षांच्या मुलाला तो रहदारीचा रस्ता कोण ओलांडून देणार? बहुधा त्याची थोरली बहीण. आणि मग तिची हजेरी रोडावते. ऑटो लावला तर महिन्याचे भाडे. एवीतेवी भाडे द्यावयाचेच, तर ‘कॉन्व्हेंट’ काय वाईट, असे म्हणून कुटुंब कर्ज काढून फीही भरू लागते. सरकारी अंदाजपत्रकात जी बचत दिसते ती अशा घरांच्या उधारीच्या वहीत नावे पडलेली असते.

मुळात पट घटला का, हा प्रश्न कोणत्याही निकषात नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने परवानग्यांची वाट रुंद झाली. खाजगी शाळेने मूल तिसऱ्या वर्षीच नर्सरीत घेतले. महापालिकेची शाळा सहाव्या वर्षापर्यंत वाट पाहत राहिली. त्यात दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक सर्वेक्षणाला गेला की चार इयत्ता एकीच्या गळ्यात. कायद्याचे २७ वे कलम दशवार्षिक जनगणना, आपत्ती व निवडणूक यांखेरीजच्या अशैक्षणिक कामास मनाई करते. तरी २०२४ च्या जानेवारीत मराठा समाजाच्या मागासलेपणाच्या सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षकांना जुंपले गेलेच. फळा कोरा दिसला की पालक मूल काढतात, मूल गेले की पट घटतो, पट घटला की पद जाते.

धोरणाची धरसोड ही तर आणखी निराळी कहाणी. कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला ५ सप्टेंबर २०२४ रोजी (तो शिक्षक दिन होता, हे बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे). २०२५ च्या फेब्रुवारीत तो मागे घेतला गेला. पहिलीपासून हिंदीचे फर्मान एप्रिल २०२५ चे, दुरुस्ती जूनची, माघारही जूनचीच. पाठ्यपुस्तकांत कोरी पाने आली आणि गेली.

शिक्षकांनीही आरशात पाहावयास हरकत नाही. महापालिका व जिल्हा परिषदेच्या किती शिक्षकांची मुले त्यांच्याच शाळेत आहेत? २०२५ मध्ये नागपूर विभागात ‘शालार्थ’ प्रणालीतून बोगस नेमणुका उघडकीस आल्या, तेव्हा संघटनांचा आवाज निवृत्तिवेतनाच्या वेळी चढतो तेवढा चढला नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचविलेली शेजारशाळा, जिथे वस्तीतील साऱ्या मुलांनी एकाच शाळेत जावे, ती शासनाने रुजविली नाही हे खरे. पण मध्यमवर्गाने, शिक्षकांसह, तिचा आग्रह तरी कुठे धरला?

तूर्त करण्यासारखे काम लहान आहे. पद इयत्तेनुसार द्यावे, निव्वळ डोकी मोजून नव्हे. आणि डोकी मोजावयाचीच तर वर्गात जाऊन मोजावीत. दिवाळीच्या सुमारास बांधकामावर आलेल्या मजुराचे मूल आज शाळेत दाखल होते. हजेरीपटावर त्याचे नाव त्याच दिवशी चढते. शिक्षकाच्या पदासाठी ते मोजले जाईल पुढच्या ३० सप्टेंबरला, तोवर त्याच्या बापाचे काम नंदनवनातच राहिले तर.