उतर, उतरा, उतरला

महाडहून निघालेली एसटी पोलादपूरच्या स्थानकात शिरते आणि कंडक्टर हाळी देतो, ‘चला, पोलादपूर उतरा!’ लिहिताना तीन अक्षरं, पण कानावर पडतात दोनच: उत्-रा. आई पोराला म्हणते ‘उतर रे’, तेव्हा मात्र उ-तर्. पोरगं उतरलं की उ-तर्-लं, आणि कुणी टपावरून सामान उतरवलं की पुन्हा उत्-रव्-लं. ‘त’मधला अ असा ये-जा करत राहतो.

व्याकरणात याला निभृत उच्चार म्हणतात. हिशेब शब्दाच्या शेवटाकडून मांडायचा. शेवटचा अ सहसा गळतो. मधल्या अ-च्या पुढच्या अक्षरात स्वर वाजत असेल, तर तोही गळतो; जोडाक्षर शेजारी असलं तर टिकतो. समज, समजा, समजला; विसर, विसरा, विसरला: सगळ्यांची तीच तऱ्हा. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठही बोलताना उम्-रठ् होतं.

फ्रेंच शिकणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. ‘हाक मारणे’ या अर्थाचं फ्रेंच क्रियापद ‘मी’बरोबर ‘आपेल’ असं वाजतं, ‘आम्ही’बरोबर ‘आप्लों’. मधला स्वर तसाच ये-जा करतो. फरक इतकाच की फ्रेंच लोक तो वाजतो तिथे ल दोनदा लिहून खूण ठेवतात. 1990च्या लेखनसुधारणेत अशा बहुतेक क्रियापदांना दुहेरी अक्षराऐवजी स्वरचिन्ह सुचवलं गेलं. ‘आपेल’ला मात्र सूट मिळाली. बाकी फ्रेंच लेखनही काही साधं नाही. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात ही तिन्ही रूपं तिथे वेगवेगळी लिहितात आणि उच्चारतात एकच: ‘पार्ल’.

मराठीने 1962च्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण गळणाऱ्या अ-ला हात लावला नाही. तेच बरं झालं. ‘उत्रा’ आणि ‘उतर्ला’ असं लिहिलं असतं, तर धातू एकच आहे हे डोळ्यांना दिसलंच नसतं.

याची किंमत शाळेतली मुलं मोजतात. ‘तुम्ही इथे बसता का?’ आणि ‘लग्नाचा बस्ता’ यांतला फरक कानाला कळत नाही. ‘काम करता’ आणि ‘घरचा कर्ता’ यांचंही तेच. म्हणून वहीत ‘मी अभ्यास कर्तो’ उमटतं. बस, कर हे धातू लक्षात आणून दिले की गाडी रुळावर येते.

वृत्तात मात्र गळलेला अ हक्काने परत येतो. अक्षरगणवृत्तात ‘उतरला’ची चारही अक्षरं मोजली जातात. फ्रेंचांच्या बारा अवयवांच्या अभिजात ओळीतही व्यंजनाआधीचा मुका स्वर मोजणीत धरतात.