मिशनची सेवा, घरातच शाळा. मग मुलांच्या दहावीचं काय? जाणून घ्या

संडे स्कूल, गावोगावची आरोग्य शिबिरं, पदरी लहान मुलं. चर्चच्या मिशनमध्ये विनामोबदला सेवा करणाऱ्या काही आया हे सगळं जुळवण्यासाठी मुलांना घरीच शिकवतात. पण मुलं मोठी होऊ लागली की एक धास्ती सतावते. शाळेचा दाखला नाही, मग पुढे कसं?

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. मात्र तसं न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेखही नाही.

दहावीचा मार्ग कोणता?
राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. वयाची १४ वर्षं पूर्ण असतील, तर आधीच्या शाळेच्या दाखल्याशिवायही स्वयंघोषणेवर प्रवेश मिळू शकतो. जन्मतारखेचा पुरावा मात्र लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते. ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेले विषय जमा राहतात. म्हणजे दोन विषय आता, तीन नंतर, असंही चालतं.

वेळेचं गणित कसं जुळवायचं?
घरच्या शाळेत आईच्या रजेला बदली शिक्षक नसतो. म्हणून आठवड्याचे अभ्यासाचे तास आधी ठरवा, वडिलांनाही काही विषय वाटून द्या आणि मगच मिशनला वेळ कळवा. मुलं शिबिरात सोबत आली, तर खूप काही शिकतात. पण राहिलेलं गणित घरी येऊन सोडवावंच लागतं.