जवानाची मोटारसायकल बदलीच्या गावी कशी जाते

फौजेतल्या माणसाचा मुक्काम कुठेच कायमचा नसतो. दोन-तीन वर्षं झाली की बदलीचा हुकूम येतो. ट्रंक भरायची, वळकटी बांधायची, की निघाला गडी! पण दारात मोटारसायकल उभी असेल तर? पगारातून पै-पै साठवून घेतलेली. ती काही ट्रंकेत मावत नाही.

आमच्या गावच्या एका हवालदाराची बदली पुण्याहून अंबाल्याला झाली. अंबाला हरियाणात आहे. वाट दीड हजार किलोमीटरहून जास्त. तेव्हा मोटारसायकल रेल्वेनं पाठवायचं ठरलं. आम्हीही त्याच्याबरोबर स्टेशनवर गेलो.

रेल्वेत दोन रीती आहेत. लगेज म्हणून दिली तर आपल्याजवळ प्रवासाचं तिकीट लागतं, आणि मोटारसायकल बहुधा आपल्याच आगगाडीनं येते. पार्सल म्हणून दिली तर आपण बरोबर नसलो तरी चालतं. जागा मिळेल त्या आगगाडीनं ती जाते. लगेजचं भाडं जास्त पडतं. हवालदारानं पार्सल केलं.

पहिलं काम पेट्रोल काढायचं. टाकी अगदी रिकामी पाहिजे. पुष्कळ लोक म्हणतात, "थोडं राहिलं तर काय बिघडतं? उतरल्यावर पंपापर्यंत तरी जाता येईल." असं करू नका. पेट्रोलची वाफ बंद डब्यात कोंडते. एक ठिणगी पडली की डबा पेटतो, आणि त्याच आगगाडीत बायामाणसं, लेकरं बसलेली असतात. हा कायद्यानं गुन्हाही आहे. त्याला तुरुंगवास होऊ शकतो.

मग बांधणी. दिवा, आरसे, टाकी यांना चिंध्या आणि पेंढा लावून वरून गोणपाट शिवतात. नोंदणीचं पुस्तक, विमा आणि ओळखपत्र यांच्या नकला द्याव्या लागतात. अस्सल कागद आपल्याजवळच ठेवा.

वाहनाची किंमत फॉर्मवर लिहायची असते. इथे माणसं चुकतात. किंमत जाहीर करून तिच्यावरचा जादा आकार भरला नाही, तर वाहन हरवल्यावर भरपाई वजनाच्या हिशेबानं मिळते. लाखाची वस्तू, आणि हातात येणार थोडेच रुपये! जादा आकार भरलेला बरा.

हवालदारानं पुठ्ठ्यावर शाईनं पत्ता लिहिला. त्याची बायको नुकतीच लिहायला शिकली होती. तिनं पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं नाव, पलटण आणि 'पुणे ते अंबाला' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि तो तुकडा सीटखाली तारेनं बांधला. हवालदार हसला. पण दिवस पावसाचे होते. पुठ्ठा वाटेत भिजून गळून पडला, आणि मोटारसायकल एका मोठ्या जंक्शनवर तेरा दिवस पडून राहिली. शेवटी गोणपाट उसवून पाहिलं, तेव्हा तो पत्रा सापडला.

पावती मात्र जिवापाड जपा. ती दाखवल्यावाचून वाहन ताब्यात मिळत नाही. वाहन पोचलं की लगेच सोडवा, उशीर झाला तर दंड चढतो. सही करण्याआधी गोणपाट सोडून पाहा. मोडतोड दिसली तर तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगा. भरपाईची मागणी रेल्वेकडे सहा महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. बदली कायमची असेल तर हुद्द्याप्रमाणे वाहतुकीचा खर्च सरकारकडून मिळतो. त्यालाही हीच पावती लागते. किती मिळेल ते युनिटच्या ऑफिसात आधीच विचारा.

आता राहिला नंबर. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या आर.टी.ओ.कडून 'ना हरकत' दाखला आणायचा. कर्ज फिटलेलं नसेल तर बँकेची संमतीही हवी. हे काम निघण्याआधी करा. अंबाल्याहून त्यासाठी परत येणं म्हणजे रजा फुकट गेली.

फौजेतल्या लोकांसाठी 2021 सालापासून आणखी एक सोय आहे. त्यांना 'बी.एच.' म्हणजे भारत मालिकेचा नंबर घेता येतो. तो सगळ्या राज्यांत चालतो, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. आमच्या हवालदाराची मोटारसायकल जुन्या नंबराची होती. त्यानं दाखला काढून नेला होता. पत्र्याचा तो तुकडा अजून सीटखालीच आहे.